शेण, शिंदी आणि शहाबादी

शेणाची जमीन पुसून स्वच्छ करता येत नाही. ती झाडायची, आणि उखणली की पुन्हा नव्याने सारवायची. माझं माहेर देवरुखच्या बाजूचं. तिथल्या घराची कामं घड्याळावर किंवा कुणाच्या शिस्तीवर चालत नसत, ती पायाखालच्या मातीवर चालत. उष्टी काढली की जेवल्या जागी लगेच शेण फिरवायचं. माजघर-ओटी आठवड्यातून एकदा. पावसाने अंगणाची दैना केलेली असे, म्हणून भात कापणीला आलं की खळं करायचं: जमीन उकरायची, माती टाकायची, पाणी मारून ती मुरू द्यायची, मग लाकडी चोपणीने चोपून चोपून दगडासारखी घट्ट करायची आणि वर शेण. काही घरांत शेणात कोळशाची पूड घालत, विजेरीचे सेल गावात आल्यावर वापरलेले सेल फोडून त्यातली काळी भुकटीसुद्धा. त्याने जमिनीला जो काळा तुळतुळीत रंग येई, त्याचा बायकांना कोण अभिमान!

सारवण्याचीही रीत होती. आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात, मागे मागे सरकत दाराकडे, हाताचे अर्धगोल एकात एक बसवत. ओल्या जमिनीवर पाऊल उमटवणाऱ्या पोराला आजी म्हणे, ‘मेल्या, तूच ये आता नि सारव.’ सारवलेल्या घराच्या वासावर हल्ली पुष्कळ हळवं लिहिलं जातं. लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी पावसाळ्यात ओल्या शेणात हात घातला होता, हे विचारावंसं वाटतं. आजीच्या बोटांच्या बेचक्या श्रावणापर्यंत चिरलेल्या असत.

झाडायला केरसुणी. देशावर ती शिंदीच्या पानांची, आणि ती बांधणं हा प्रामुख्याने मातंग समाजाचा व्यवसाय. शिंदीचे काटेरी फड तोडायचे, उन्हात वाळवायचे, पानं चिरून बारीक करायची, मग मूठ आवळून बांधायची. गावगाड्यात दोर आणि केरसुण्या पुरवायच्या नि सुगीला बलुतं घ्यायचं, असा व्यवहार होता. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू लावतात; तिला पाय लागला तर नमस्कार करतात. बांधणाऱ्याला मात्र त्याच घराच्या ओटीवर बसायची मुभा नव्हती. वस्तू देव्हाऱ्यापर्यंत जाई, माणूस अंगणाबाहेर थांबे. घरातली केरसुणी बाईच्या हाती आणि गल्लीतली ठरावीक जातीच्या हाती, हेही तसंच पक्कं होतं. परीट घरात जन्मलेल्या गाडगेबाबांनी दिवसा गाव झाडून रात्री कीर्तन करायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी या दोन्ही वाटण्या एकदमच मोडल्या. स्वच्छतेचे संत म्हणून त्यांच्या तसबिरी लावताना आपण ही गोष्ट सोयीने विसरतो.

मातीच्या जमिनीवर पहिला संशय घेतला तो सरकारने. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढे पुण्यातही शिरला. रोगाचं विष घरातल्या जमिनीत नि भिंतींत मुरतं, अशी तेव्हाची समजूत. त्यामुळे जमिनी उकरल्या गेल्या, भिंतींना चुना फासला, ऊन आत यावं म्हणून कौलं काढली, जंतुनाशकं शिंपडली. मुंबईत कित्येक घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरं आली, म्हणजे माणसाने राहण्यास अयोग्य. पुण्यात गोरे शिपाई थेट माजघरात आणि देवघरात घुसू लागले, त्याचा संताप २२ जून १८९७च्या रात्री तिथल्या प्लेग बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर झाडलेल्या गोळ्यांपर्यंत गेला. पुढच्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखवलं की प्लेग पसरवते ती उंदरावरची पिसू. ते सगळ्यांना पटायला आणखी काही वर्षं गेली. तोवर उकरायच्या तेवढ्या जमिनी उकरून झाल्या होत्या.

शहरातली जमीन पुढे बदलली ती मुख्यतः फरशीमुळे. कलबुर्गीकडच्या शहाबादचा राखाडी दगड पुण्या-सोलापूरच्या वाड्यांतून आणि चाळींतून पसरला. १९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी पुतण्याबरोबर मुंबईत भारत टाइल्स काढली. परदेशी फरशीला स्वदेशी उत्तर म्हणून सिमेंटच्या रंगीत नक्षीदार फरश्या घराघरांत आल्या. फरशीने सारवण संपवलं आणि रोजची पुसणी आणली. शेणावर न दिसणारा डाग फरशीवर लगेच दिसतो! आईच्या वाट्याला आलेलं काम आजीच्या कामाहून हलकं होतं हे खरं, पण ते रोजचं होतं. आणि थोडे पैसे हाती आले की ते आपण करायचं नाही, दुसरीकडून करून घ्यायचं, ही सोयही फरशीबरोबरच आली. सारवायला सहसा बाहेरची बाई ठेवत नसत, फरशी पुसायला सर्रास ठेवतात.

गुळगुळीत फरशीवर शिंदीची केरसुणी मऊ धूळ नीट उचलत नाही. तिथे ईशान्येकडच्या डोंगरातल्या गवताचे, प्लास्टिकच्या मुठीचे फुलझाडू आले. शिंदीची झाडंही ओढ्याकाठी पूर्वीइतकी राहिली नाहीत. केरसुण्या बांधणारी घरं अजून आहेत; दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मंडईबाहेर ती आपला माल घेऊन बसतात. आता गिऱ्हाईक हातभर लांबीची केरसुणी मागत नाही. पूजेपुरती, वीतभर असली तरी चालते, आणि तिचाही भाव करतात.