सिंदफणेकाठी ऐकलेली एक तबकडी

सिंदफणेच्या काठी बसून मिसिसिपीकाठचे गाणे ऐकावे, हा योग थोडा विलक्षणच. आम्ही चारपाच मंडळींनी तो शिरुरात मुद्दाम जुळवून आणला. गायक रॉबर्ट जॉन्सन, अमेरिकेतील एक कृष्णवर्णीय तरुण. 1936 च्या नोव्हेंबरात सॅन अँटोनियो येथे व 1937 च्या जूनमध्ये डॅलस येथे त्याने एकूण 29 गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांपैकी 16 गाण्यांची मोठी तबकडी 1961 साली निघाली. एक गळा आणि एक गिटार, एवढाच सारा संसार. एक ओळ म्हणावयाची, तीच फिरून म्हणावयाची आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यावयाचे, असा या 'ब्लूज'चा सर्वसाधारण बांधा. शब्द आम्हांस निम्मेच कळले. पण ती ओळ फिरून येताच आमच्यातील एक वृद्ध गृहस्थ उद्गारले, "ही तर जात्यावरची रीत!"

साम्य केवळ चालीचे नव्हे. अमेरिकेत गुलामगिरी 1865 साली कायद्याने संपली; तरी मिसिसिपीतील कापूस पिकविणारा कृष्णवर्णीय वाटेकरी मालकाकडून आगाऊ दाणागोटा घेई आणि हंगामाअखेर हिशेब झाला की बहुधा देणेकरीच राही. उचल म्हणजे काय, हे या तालुक्यास समजावून सांगावयास नको. दसरा-दिवाळी उलटली की कोयता घेऊन साखर कारखान्यांची वाट धरणारी कुटुंबे आपण दरवर्षी पाहतो.

तथापि ओवीला 'आमचा ब्लूज' म्हणून मोकळे होणे आम्हांस पसंत नाही. जॉन्सन रस्त्यावर, गुत्त्यात, लोकांपुढे पैशासाठी गाई. ओवी पहाटेची, श्रोत्यावाचूनची. सासुरवाशिणीने जात्याजवळ मन मोकळे करावे, जात्याने ते कोणास सांगू नये. शिवाय तिचे वय केवढे! बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे.

1938 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीयांच्या संगीताचा मोठा जलसा झाला. आयोजक जॉन हॅमंड याने जॉन्सनचा शोध घेतला, तो ऑगस्टातच, वयाच्या 27 व्या वर्षी, तो वारल्याचे कळले. अखेर रंगमंचावर त्याच्या तबकड्या वाजविण्यात आल्या.

आपल्याकडे हे काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइट्वाँ यांनी केले. गावोगाव हिंडून त्यांनी लाखाच्या घरात ओव्या जमविल्या. याच सिंदफणेच्या खालच्या अंगाला, माजलगावच्या भीमनगरात, 1996 साली बायांनी गाइलेल्या बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. इतिहास म्हणजे सनदा आणि बखरी, असे मानणाऱ्यांनी त्या अवश्य ऐकाव्यात. आपल्या नेत्याकडे घरातील बाई कोणत्या नात्याने पाहत होती, हे कोणत्या दफ्तरात सापडणार?

पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. त्याबद्दल हळहळ करण्याचा अधिकार, ज्यांनी ते ओढले नाही, त्या आम्हां पुरुषांस नाही.

तबकडी संपल्यावर आम्ही त्या वृद्ध गृहस्थांस त्यांच्या आईच्या ओव्या विचारल्या. चाल त्यांना पक्की आठवत होती. शब्द मात्र दोनच ओव्यांचे आठवले. ते आम्ही तेथेच वहीत उतरून घेतले.