चाळीतली एक खोली आणि बाळाचे लंगोट

१/ चाळींचा इतिहास आपण गिरण्या, संप आणि भाडे यांच्या आधारे वाचतो. आज तो दोरीवरच्या लंगोटांवरून वाचू.

२/ १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दुर्गंधीयुक्त हवेतून रोग पसरतो, ही समजूत तेव्हा प्रबळ होती. १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांत उजेड व वारा आणणे हे त्याचे एक उद्दिष्ट होते.

३/ पुढे १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभारल्या. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. शौचालये मजल्यावर सामाईक.

४/ त्याच खोलीत चूल, अंथरूण आणि तान्हे मूल. मळलेली दुपटी दूर ठेवण्यास जागाच नव्हती. म्हणून ती तत्काळ धुणे हाच उपाय. मूत्रातील युरियापासून जीवाणू अमोनिया तयार करतात. कापड जितके पडून राहील, तितका दर्प वाढतो.

५/ पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी घालून दुपटी वाळवीत. धूप-ओव्याची धुरी कुबट वास झाकी. घालवी मात्र पाणी आणि ऊनच.

६/ १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने कारखान्यातील स्त्रीला प्रसूतिकाळी भत्ता मिळू लागला. परंतु ती कामावर परतल्यावर ‘तत्काळ’ धुणार कोण? सासू, शेजारीण की थोरली मुलगी?

७/ सरकारी अहवालांत खोल्यांची मोजमापे सापडतात, हे श्रम क्वचितच. तुमच्या घरी कोणी चाळीत वाढले असेल, तर हा प्रश्न त्यांना अवश्य विचारा आणि उत्तर लिहून ठेवा.