विटंबना

विटंबना (स्त्री.) : पूज्य किंवा मानाची वस्तू, स्थळ, ग्रंथ वा देह यांची मर्यादा मोडून केलेली अवहेलना. क्रियापद : विटंबणे. प्रयोग : विटंबना करणे, होणे, मांडणे.

व्युत्पत्ती : संस्कृत ‘विडम्ब्’ म्हणजे नक्कल करणे, सोंग आणून थट्टा करणे. या एका मुळातून मराठीत दोन शब्द आले. ‘विडंबन’ हा हसवणारा वाङ्मयप्रकार झाला (अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ हे त्याचे ठळक उदाहरण), तर ‘विटंबना’ जिव्हारी लागणारी ठरली. हिंदीतील ‘विडंबना’ दैवदुर्विलासाच्या अर्थाने येते. मराठीत तो अर्थ नाही.

अर्थच्छटा : जुन्या मराठीत फजिती, हाल, दुर्दशा एवढाच अर्थ पुष्कळदा असतो आणि तेथे पावित्र्याचा संबंध नसतो. आजच्या वापरात मात्र तो संबंध पक्का आहे. निंदा तोंडाने होते, विटाळ स्पर्शाने होतो, पाखंड मताचे असते. विटंबना वागवण्याची असते. म्हणून ती देवाइतकीच प्रेताची, पुतळ्याची, झेंड्याची आणि नदीचीही होऊ शकते. ‘विटंबना’ म्हणताना बोलणाऱ्याचे लक्ष अपराध्यापेक्षा ज्याची अवहेलना झाली त्याच्याकडे असते. या शब्दाचे हेच वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे.

चऱ्होली परिसरातील वापर : चऱ्होली बुद्रुक इंद्रायणीकाठी, आळंदीला लागून आहे, १९९७ पासून ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. चऱ्होली खुर्द हे गाव खेड तालुक्यात. वर देहू, शेजारी आळंदी, खाली भीमा-संगमावर तुळापूर अशा या पट्ट्यात शब्दाच्या जवळजवळ सर्व छटा सापडतात.

देहूला तुकारामांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. या प्रसंगात वाघोलीच्या रामेश्वर भट्टांचे नाव येते. पुढे तेच तुकारामांचे शिष्य झाले. वह्या तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या असे परंपरा सांगते. घरातील जीर्ण पोथी किंवा भंगलेली मूर्ती नदीत सोडण्याची रीतही याच काठची आहे. ती पायाखाली येऊ नये, रद्दीत जाऊ नये, म्हणून तिला पाण्यात पोचवतात. पाणी तेच आणि ग्रंथ बुडवण्याची कृतीही तीच, पण एकीला विसर्जन म्हणतात आणि दुसरीला विटंबना. जुलमाने बुडवलेला ग्रंथ आणि हात जोडून सोडलेला ग्रंथ यांतला फरक ओळखल्याशिवाय हा शब्द कळत नाही.

तुळापूरशी जोडलेली छटा सर्वांत दुखरी आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशाला बहादूरगडावर (पेडगाव) विदूषकी वेश चढवून उंटावरून फिरवल्याचे मोगल इतिहासकार नोंदवतात. ११ मार्च १६८९ रोजी तुळापूर-वढू परिसरात त्यांना ठार करण्यात आले. सोंग आणणे हा संस्कृत मूळ अर्थ आणि अवहेलना हा मराठी अर्थ, दोन्ही या धिंडीत एकत्र येतात. ‘शंभूराजांची विटंबना’ हा प्रयोग त्यामुळे अगदी नेमका आहे.

हल्ली शब्द अधिक ऐकू येतो तो अनंत चतुर्दशीनंतर. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही. पाणी ओसरले की घाटाच्या पायऱ्यांशी सोंड तुटलेल्या, रंग उडालेल्या, एका कुशीवर कललेल्या मूर्ती उघड्या पडतात, निर्माल्याच्या पिशव्या त्यांच्या मुकुटांना अडकलेल्या असतात. ‘बाप्पाची विटंबना’ हा मथळा तेथूनच येतो. मूर्तिदान आणि कृत्रिम हौद यांचे समर्थक व विरोधक दोघेही हाच शब्द एकमेकांविरुद्ध वापरतात. शाडूच्या मातीची मूर्ती विरघळते, त्यामुळे तिच्याबाबत हा प्रश्न उरत नाही.

आळंदीत कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्याने इंद्रायणी वारंवार फेसाळते. वारकरी त्यालाही नदीची विटंबनाच म्हणतात. ‘प्रदूषण’ हा कार्यालयीन शब्द त्यांना अपुरा वाटतो आणि तो अपुरा आहेच : कार्तिकी वारीला आलेला माणूस त्या पाण्याला तीर्थ म्हणून ओंजळ लावतो.

कायदा : भारतीय दंड संहितेचे कलम २९५ (उपासनास्थान वा पवित्र वस्तू अपवित्र करणे), १९२७ साली लाहोरच्या ‘रंगीला रसूल’ प्रकरणानंतर आलेले कलम २९५ अ, आणि कलम २९७ (दफनभूमी, मृतदेह) यांची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २९८, २९९ आणि ३०१ या कलमांनी घेतली आहे. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला १९७१ च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ध्वजसंहिता (२००२) सांगते की फाटका ध्वज खासगीत, शक्यतो जाळून, पूर्णपणे नष्ट करावा. येथेही नष्ट करणे ही विटंबना नव्हे. रस्त्यावर पडू देणे ही विटंबना.



संबंधित शब्द : मराठी बायबलात ‘दुर्भाषण’ हा शब्द येतो. ‘ईशनिंदा’ मराठी वर्तमानपत्रांत मुख्यतः पाकिस्तानातील खटल्यांच्या बातम्यांत आढळतो. बोलीत तो नाही.