भिंतीवरील लक्ष्मी

बडोद्यास गेलेला प्रवासी लक्ष्मीविलास राजवाडा पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. १८७८ च्या सुमारास मेजर चार्ल्स मँट ह्या स्थापत्यविशारदाने आरंभिलेले व त्याच्या निधनानंतर रॉबर्ट चिझम ह्याने १८९० मध्ये पुरे केलेले ते भव्य मंदिर पाहून मन थक्क होते. परंतु आमचे पाय दर खेपेस वळतात ते त्याच आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयाकडे. तेथे राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आहेत. आणि त्यांत १८९६ सालची सरस्वती आहे. तिच्यासमोर उभे राहिले की प्रत्येकास एकच अनुभव येतो. हिला आपण पूर्वी पाहिलेले आहे! कोठे? तर आजीच्या माजघरात, शाळेच्या भिंतीवर, किराणा दुकानाच्या गादीमागे. राजवाड्यासाठी रंगविणाऱ्या हाताचीच कामगिरी शेणामातीने सारवलेल्या भिंतीवरही टांगली गेली, ही गोष्ट हिंदुस्थानच्या गृहशोभेच्या इतिहासात अपूर्व होय. ती कशी घडली, तिने सामान्य गृहस्थास काय दिले आणि त्याच्यापासून काय हिरावून घेतले, ह्याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

घर शोभिवंत करणे हा धनवंतांचा छंद, असा एक समज आहे. आमच्या कोकण-गोमंतकातील गृहिणींनी तो पूर्वीच खोटा ठरविला आहे. अंगणात शेणाचा सडा, त्यावर रांगोळी, दारावर आंब्याच्या डहाळीचे तोरण, चिंचेने घासून लख्ख केलेली तांब्यापितळेची भांडी, ह्यांस पैसा फारसा लागत नाही. लागतात ते कष्ट आणि दृष्टी. गोमंतकात चतुर्थीस गणपतीच्या डोक्यावर जी माटोळी बांधतात, ती तर ह्या कलेचा कळसच म्हटला पाहिजे. नारळ, सुपारीचे घोस, केळी आणि भाद्रपदात रानात मिळतील ती फळेफुले एका लाकडी चौकटीस बांधली की झाली शोभा. ती बाजारातून आणावी लागत नसे. रान ओळखावे लागे.

तथापि ही सारी शोभा क्षणभंगुर. रांगोळी सायंकाळपर्यंत पुसली जाते, तोरण चार दिवसांत सुकते. गरिबाच्या घरी नव्हते ते टिकाऊ चित्र. ते हवे तर चिताऱ्यास महिनोन् महिने पदरी ठेवावे लागे. ह्याचा उत्तम दाखला बडोद्यातच आहे. रावपुऱ्यातील तांबेकरांचा वाडा हे बडोदे संस्थानच्या दिवाणाचे घर. एकोणिसाव्या शतकात त्याच्या भिंतींवर पुराणप्रसंग, कृष्णलीला, मराठ्यांच्या लढाया आणि नित्य व्यवहारांची दृश्ये रंगविली गेली. वाडा आज भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्या भिंती पाहताना आनंद होतो, पण एक गोष्ट विसरता येत नाही. असे घर दिवाणाचेच असू शकत होते. त्याच गल्लीतील कारकुनाच्या भिंतीस चुन्याची सफेती मिळाली तरी पुष्कळ झाले.

हे अंतर तोडण्याची कल्पना प्रथम एका मुत्सद्द्याने बोलून दाखविली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सर टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी देशस्थ कुळातले. ते प्रथम त्रावणकोरचे दिवाण होते, पुढे १८७५ पासून १८८२ पर्यंत बडोद्याचे. किळिमानूर येथे १८४८ मध्ये जन्मलेल्या रविवर्म्याचे गुण त्यांस त्रावणकोरपासूनच ठाऊक. सयाजीराव महाराजांस डिसेंबर १८८१ मध्ये राज्याधिकार मिळाले, त्या सुमारास रविवर्मा बडोद्यास आले. १८८४ मध्ये माधवरावांनी चित्रकारास पत्र लिहून सुचविले की, तुमच्या चित्रांस मागणी फार, आणि तुमचे हात दोनच. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती कराव्या, म्हणजे कीर्तीही पसरेल आणि देशाची सेवाही घडेल. कारभार्याच्या बुद्धीने केलेला हा हिशेब आहे. पुरवठा कोठे अडतो हे त्यांनी बरोबर हेरले होते.

पुढे १८८८ मध्ये सयाजीराव महाराजांनी रविवर्म्यास रामायण-महाभारत व पुराणांवरील चौदा चित्रे सांगितली. त्याबद्दल ५०,००० रुपये दिले गेले. शंतनु-गंगा, अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका ही त्या वेळची चित्रे. त्यांसाठी चित्रकाराने बंधू राजा राजवर्म्यासह उत्तर हिंदुस्थानचा प्रवास करून वेषभूषेचा शोध घेतला. आणि अखेरीस साऱ्या हिंदुस्थानास आपली वाटेल अशी म्हणून साडी निवडली. चित्रे राजवाड्यात लागण्यापूर्वी लोकांस पाहावयास ठेविली, तेव्हा दर्शनास झुंबड उडाली. देवळात जावे तशी माणसे चित्रांपुढे येत. छापखान्याची कल्पना ह्यानंतर दूर राहिली नाही.

चित्र छापणे ही काही अगदीच नवी गोष्ट नव्हती. पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये चित्रशाळा काढली होती. त्याच सुमारास कलकत्त्यासही असा उद्योग सुरू झाला होता. पण रविवर्म्यास तैलचित्राची कांती कागदावर उतरवावयाची होती. १८९४ मध्ये मुंबईजवळ घाटकोपर येथे छापखाना उभा राहिला. यंत्रे जर्मनीची, कारागीर जर्मन, आणि पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे. ह्या पद्धतीत चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर स्निग्ध शाईने चित्र काढतात. पाणी आणि तेल एकमेकांस झिडकारतात. म्हणून ओल्या शिळेवर शाई केवळ रेघांनाच धरते. प्रत्येक रंगास स्वतंत्र शिळा लागे. एकाच कागदावर एकामागून एक अनेक शिळांचे ठसे तंतोतंत बसवावे लागत. केसभर चूक झाली तर देवीचा ओठ गालावर जाई. अखेरीस वार्निश देत आणि कॅनव्हासचा भास व्हावा म्हणून कागदावर दाबाने पोत उठवीत. कष्ट एकदाच, प्रती हजारो. प्रतीची किंमत उतरली ती ह्यामुळे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले धुंडिराज गोविंद फाळके ह्यांनी ह्या छापखान्यासाठी काही काळ काम केले. देवदेवतांस पडद्यावर चालते-बोलते करण्याची ओढ त्यांस ह्याच शिळांच्या सहवासात लागली असेल, असे मानावयास हरकत नाही. १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा पहिला चित्रपट.

आता ही चित्रे घरी आल्यावर काय झाले ते पाहू. काचेची चौकट सुताराकडून करविली जाई. तसबीर भिंतीच्या वरच्या अंगास, किंचित पुढे झुकलेली अशी टांगीत, म्हणजे पाटावर बसलेल्या माणसाशी देवीची दृष्टादृष्ट व्हावी. खाली दिवा, वर शुक्रवारी हार. कित्येक घरच्या लेकीसुनांनी तर काचेआड जाण्यापूर्वी चित्रास खरी जर, टिकल्या व कापडाचे तुकडे शिवून लक्ष्मीस जरीचा पदर दिला. अशा नटविलेल्या प्रती आजही जुन्या संग्रहांत आढळतात. बाजाराने एकच चित्र सर्वांस दिले; घराने ते आपापले करून घेतले. थोडक्या पैशांत घर सजविण्याचे मर्म आम्हांस येथे दिसते. विकत घेतलेल्या वस्तूवर आपल्या हाताचा एक संस्कार चढविला की ती दुसऱ्या कोणाची राहत नाही.

चित्रकाराच्या पदरात मात्र ह्या लोकसेवेतून कर्ज पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी छापखाना फ्रिट्झ श्लायखर ह्या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला, आणि अनेक चित्रे छापण्याचे हक्कही त्याबरोबर गेले. १९०६ मध्ये रविवर्मा निवर्तले. मळवलीचा छापखाना पुढे कित्येक वर्षे चालला. आज १९५७ च्या कायद्याप्रमाणे ग्रंथकर्त्याच्या वा चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचा हक्क संपतो. म्हणून ती लक्ष्मी आता कोणाचीच मालमत्ता नाही. कायद्याने जे पुष्कळ उशिरा कबूल केले, ते लोकांनी पूर्वीच ठरवून टाकले होते. दिनदर्शिका, अगरबत्तीची वेष्टने, लग्नपत्रिका, कोठेही ती विनासंकोच वावरते.

ह्या चित्रांवर आक्षेप घेणारे लहानसहान लोक नव्हते. आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता ह्यांनी त्यांस परकी धाटणीची, नाटकी व उथळ मानले. आमच्या मते आक्षेपाचे अधिक गंभीर स्वरूप निराळे आहे. पूर्वी प्रत्येक क्षेत्राच्या देवीस तिचे स्वतःचे मुख होते. कवळ्याची शांतादुर्गा, कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी ह्या एकमेकींसारख्या दिसत नाहीत, दिसूही नयेत. छापील चित्राने ‘देवी म्हणजे अशी’ हा एक साचा मनात बसविला. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी, गावोगावचे चितारी, ह्यांची मागणी कशी टिकावी? यंत्राने गरिबास चित्र दिले, त्याच यंत्राने गरीब चिताऱ्याची भाकरी कमी केली. हा हिशेब जमाखर्चाच्या दोन्ही बाजू मांडूनच केला पाहिजे.

तरीही पारडे आम्ही एका बाजूस झुकलेले मानतो, आणि त्याचे कारण कलेच्या बाहेरचे आहे. ही चित्रे छापली जात होती तेव्हा हिंदू समाजातील लक्षावधी माणसांस देवळाच्या पायरीवर उभे राहण्याचीही मुभा नव्हती. नाशकास काळाराम मंदिराच्या दारी १९३० मध्ये सत्याग्रह सुरू झाला, तो वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही. रविवर्म्याच्या त्रावणकोरात मंदिरप्रवेशाची घोषणा नोव्हेंबर १९३६ मध्ये झाली. मुंबई इलाख्यात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ मध्ये आला. त्यापूर्वी चाळीस-पन्नास वर्षे, ज्यास गाभारा दिसत नव्हता त्याच्याही भिंतीवर तीच चतुर्भुज लक्ष्मी येऊ शकत होती. तिने जात विचारली नाही. आमच्यासारख्या देवस्थानांच्या महाजनकीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. जे काम आमच्या घंटा व शंख करू शकले नाहीत, ते एका कागदाने केले.

‘कागदाचा देव तो काय देव?’ असे कोणी म्हणेल. गोमंतकीयाने तरी असे म्हणू नये. पोर्तुगीज अमदानीत देवळे पाडली गेली, मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, कुळे देशोधडीस लागली. गोमंतकातील काही घराण्यांत आजही चतुर्थीस मृण्मय मूर्तीऐवजी कागदावरील गणपतीची पूजा होते, आणि त्या प्रथेचा संबंध त्या जाचाच्या काळाशी जोडला जातो. मूर्ती लपविणे कठीण. कागदाची गुंडाळी करता येते. आणि कुलदेवतेपासून शेकडो कोस दूर, बडोदे-मुंबईस नोकरीनिमित्त राहिलेल्या कुटुंबांच्या देवाकुडीत फोंड्याच्या देवाची तसबीरच मुलांस कुळाची ओळख करून देत आली आहे.

वकिलीच्या व्यवसायात वाटणीची प्रकरणे पुष्कळ येतात. एका प्रकरणात जंगम मालाची यादी करताना घरातील जुन्या तसबिरीपुढे ‘किंमत शून्य’ असे लिहिले गेले. भांडी, पलंग, दागिने ह्यांवर भावांचे एकमत झाले. अडले ते ह्या शून्यावर. थोरला म्हणे, ‘आईने ती दिव्याखाली ठेवली, ती माझ्या घरी येईल.’ धाकटा म्हणे, ‘पदरावरच्या टिकल्या मी आईबरोबर शिवल्या आहेत.’ अखेर एक वर्ष एकाकडे, एक वर्ष दुसऱ्याकडे, अशी तोड निघाली. आणि दसऱ्यास तसबीर पोहोचविण्याच्या निमित्ताने दोघांची तोंडे पुन्हा एकमेकांस दिसू लागली. कोणत्याही हुकूमनाम्याने एवढे साधले नसते.

आज नवीन घर घेणाऱ्या तरुण जोडप्यांस सजावटीच्या खर्चाचे आकडे ऐकूनच धडकी भरते. त्यांस आमचे सांगणे थोडके आहे. भिंत स्वच्छ असू द्यावी. तीवर दहा वस्तू न लावता एक लावावी, पण ती अशी असावी की तिच्याखाली दिवा लावावासा वाटेल. घरी जुनी तसबीर असेल तर ती माळ्यावर अगर नदीत टाकू नये. काच पुसावी, मागची वाळवी काढावी, चौकट बदलावी. आणि तीस स्वतःच्या हाताने काहीतरी जोडावे, मग ती एक टिकली का असेना. चौदा चित्रांसाठी ५०,००० रुपये मोजणाऱ्या महाराजांच्या दालनात जे होते, त्याचा एक अंश आपल्या आजीच्या माजघरात होता. तो आपल्या घरात आणण्यास आजही फार पैसा लागत नाही.