नवशिक्याचे शिकारी धनुष्य

धनुष्यबाणाने शिकार करण्यास शिकणाऱ्या मुलास किंवा किशोरास सर्वप्रथम दिल्या जाणाऱ्या धनुष्यास नवशिक्याचे शिकारी धनुष्य असे म्हणता येईल. ही प्रथा प्रामुख्याने अमेरिका आणि कॅनडा या देशांत आढळते. तेथे ठरावीक हंगामात परवाना घेऊन धनुष्याने हरणांची शिकार करणे कायदेशीर आहे. अशा धनुष्याच्या निवडीत दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालावा लागतो. ते शिकणाऱ्याच्या ताकदीला झेपेल इतके हलके असावे लागते. त्याच वेळी प्राणी जखमी होऊन तडफडत राहू नये इतके जोरकसही असावे लागते.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील आधुनिक धनुष्य-शिकारीच्या प्रसारात सॅक्स्टन पोप या शल्यचिकित्सकाचा मोठा वाटा आहे. याही जमातीचा अखेरचा ज्ञात सदस्य इशी हा १९११ साली कॅलिफोर्नियात बाहेरच्या जगासमोर आला. त्याच्याकडून पोप यांनी धनुष्य बनविण्याची व शिकारीची विद्या आत्मसात केली आणि १९२३ साली त्या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने हरणांच्या शिकारीसाठी केवळ धनुष्यबाणाचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. मिसूरी राज्यातील हॉलिस विल्बर ॲलन यांना १९६९ साली कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले. त्यानंतर कमी ताकदीच्या व्यक्तींनाही शिकार शक्य झाली.

ड्रॉ वेट

धनुष्य पूर्ण ताणण्यासाठी लागणाऱ्या बलास ड्रॉ वेट म्हणतात व ते पौंडांत मोजतात. ४० पौंड म्हणजे सुमारे १८ किलोग्रॅम. निवडीतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वाधिक चुका होणारा घटक हाच आहे. मूल वाढेल या हिशेबाने अनेकदा जड धनुष्य घेतले जाते. ते ताणताना मूल पाठ मागे वाकवते, धनुष्य आकाशाकडे उचलते आणि नेम स्थिर होण्यापूर्वीच बाण सोडते. या सवयी पुढे मोडणे कठीण जाते व खांद्याला इजा होण्याचा धोकाही असतो.

धनुष्य झेपते की नाही, हे पाहण्याची कसोटी सोपी आहे. शिकणाऱ्याने धनुष्य लक्ष्याच्या रेषेत धरून, वर न उचलता, सरळ मागे ओढावे आणि काही सेकंद स्थिर धरावे. शिकारी पुष्कळदा बसून बाण सोडतो, म्हणून हीच कसोटी बसूनही घेतली जाते.

ड्रॉ लेंथ

प्रत्यंचा पूर्ण ताणली असता मिळणाऱ्या लांबीस ड्रॉ लेंथ म्हणतात. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधील अंतरास २.५ ने भागले असता तिचा अंदाज येतो. हे अंतर १५० सेंटीमीटर असल्यास ड्रॉ लेंथ सुमारे ६० सेंटीमीटर, म्हणजे २४ इंचांच्या जवळपास येते. रिकर्व्ह धनुष्यावर छापलेले ड्रॉ वेट साधारणतः २८ इंचांवर मोजलेले असते आणि प्रत्येक इंचामागे ते २ ते ३ पौंडांनी बदलते. त्यामुळे ४० पौंड छापलेले धनुष्य २४ इंचांपर्यंतच ताणणाऱ्या मुलाच्या हाती सुमारे ३० पौंडांचेच ठरते.

प्रकार

रिकर्व्ह धनुष्याची रचना साधी असते. सुट्या भागांच्या प्रकारात मधला दांडा तोच ठेवून वरखालच्या भुजा बदलता येतात. त्यामुळे २० ते २५ पौंडांपासून प्रारंभ करून हळूहळू वाढ करता येते. मात्र पूर्ण ताणलेल्या अवस्थेत सर्व भार बोटांवर राहतो.

कंपाउंड धनुष्याच्या टोकांना कॅम नावाची चाके असतात. त्यांच्यामुळे पूर्ण ताणल्यावर हातावरील भार एकदम कमी होतो. यास लेट-ऑफ म्हणतात. ४० पौंडांच्या धनुष्याचे लेट-ऑफ ७५ टक्के असल्यास धरून ठेवण्यास केवळ १० पौंड बल लागते. किशोरांसाठीच्या अनेक नमुन्यांत ड्रॉ वेट व ड्रॉ लेंथ दोन्ही वाढविता येतात, म्हणून सरावापासून शिकारीपर्यंत एकच धनुष्य पुरू शकते.

केंटकी राज्यात २००२ साली सुरू झालेल्या शालेय तिरंदाजी उपक्रमातील धनुष्ये १० ते २० पौंडांची व लेट-ऑफविरहित असतात. ती शिकण्यास उत्तम असली, तरी हरणाच्या शिकारीस अपुरी पडतात.

बाण व अंतर

शिकारीचा बाण आघाताने नव्हे, तर धारदार पात्यांनी रक्तवाहिन्या व फुप्फुसे कापून प्राण घेतो. कमी ड्रॉ वेटच्या धनुष्यास स्थिर पात्यांचे अग्र अधिक योग्य मानतात, कारण उघडणाऱ्या पात्यांच्या अग्राची काही ऊर्जा पाती उघडण्यातच खर्च होते. नवशिक्यास २० यार्ड, म्हणजे सुमारे १८ मीटर, किंवा त्याहून कमी अंतराची मर्यादा घालण्याची पद्धत आहे. बाण न लावता ताणलेली प्रत्यंचा सोडल्यास धनुष्य मोडून इजा होऊ शकते.

कायदेशीर स्थिती

किमान ड्रॉ वेट राज्यागणिक भिन्न आहे. हरणांसाठी मिनेसोटात ते ३० पौंड, तर कोलोराडोत ३५ पौंड आहे. अनेक राज्यांत शिकार-शिक्षणाचे प्रमाणपत्र व अल्पवयीनांसोबत प्रौढ व्यक्ती असणे बंधनकारक आहे. मुलाची ताकद किमान मर्यादेपर्यंत पोहोचत नसल्यास त्या हंगामात केवळ लक्ष्यावर सराव करणे, हाच मार्ग उरतो.

भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी असून तिरंदाजी खेळ म्हणून शिकविली जाते. शिकारीच्या गरजेतून निर्माण झालेले कंपाउंड धनुष्य मात्र या खेळात रुजले आहे. २०२३ च्या बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी याच प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळविली.