मेरू पर्वत : तीन धर्मांचा विश्वस्तंभ

मेरू किंवा सुमेरू हा पर्वत हिंदू, बौद्ध आणि जैन या तिन्ही परंपरांत विश्वाच्या मध्यभागी मानला जातो. विष्णुपुराणानुसार जंबुद्वीपाच्या मधोमध उभा असलेला हा सुवर्णपर्वत ८४,००० योजने उंच असून १६,००० योजने भूमीत रुतलेला आहे. त्याचा माथा पायथ्याच्या दुप्पट रुंद आहे आणि माथ्यावर ब्रह्मदेवाची नगरी वसली आहे.

बौद्ध आचार्य वसुबंधूंच्या ‘अभिधर्मकोशा’त सुमेरू पाण्याच्या वर ८०,००० योजने आणि खालीही तेवढाच आहे. सोने, रुपे, वैदूर्य व स्फटिक अशा त्याच्या चार बाजू, भोवती सात सुवर्णपर्वतांची वलये आणि शिखरावर तेहतीस देवांचा स्वर्ग, असे तेथील वर्णन आहे. जैन परंपरेत मेरूची उंची एक लाख योजने असून त्यातली एक हजार योजने जमिनीखाली आहेत. तीर्थंकरांचा जन्माभिषेक इंद्र याच पर्वतावरील पांडुकवनात करतो.

इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटांनी मात्र मेरू एकच योजन मापाचा मानला आणि त्याला उत्तर ध्रुवावर स्थान दिले. कंबोडियातील बाराव्या शतकातल्या अंकोरवाट मंदिराची पाच शिखरे मेरूचे, तर भोवतालचा खंदक महासागराचे प्रतीक मानला जातो. महाराष्ट्रात जपमाळेच्या मुख्य मण्याला मेरुमणी म्हणतात. जप करताना तो ओलांडत नाहीत, तेथून माळ उलट फिरवतात.