स्वभावाचे मोजमाप आणि जन्माचा शिक्का

मनुष्याचा स्वभाव शब्दांत आणि आकड्यांत मांडता येतो काय? व्यक्तिमत्त्वाच्या गुणविशेष सिद्धांताचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचा इतिहास होय. स्वभाव जन्मानेच ठरतो, या मताची जबर किंमत आपल्या समाजाने मोजली असल्याने तो इतिहास आपण नीट तपासला पाहिजे.

इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टन याने १८८४ साली रॉजेच्या शब्दकोशात स्वभाववाचक शब्द किमान एक हजार असावेत, असा अंदाज केला. प्रतिभा वंशपरंपरेने उतरते, असे प्रतिपादन त्याने १८६९ सालीच केले होते. हिंदुस्थानात ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. हा कायदा गाल्टनच्या ग्रंथातून निघाला नव्हता; परंतु शील रक्तातून येते, हे गृहीत दोहोंकडे होते. या कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ साली रद्द झाला, आणि ‘विमुक्त’ हे नाव रूढ झाले.

१९३६ साली अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट व हेन्री ऑडबर्ट यांनी शब्दकोशातून १७,९५३ शब्द वेचून त्यांचे चार गट केले. टिकाऊ गुणविशेषांचे ४,५०४ शब्द पहिल्या गटात आले, तात्पुरत्या मनोवस्थांचे दुसऱ्यात. इतरांनी व्यक्तीविषयी दिलेला निवाडा सांगणारे ५,२२६ शब्द मात्र त्यांनी तिसऱ्या गटात वेगळे काढले. समाजाचा निवाडा म्हणजे व्यक्तीचा गुण नव्हे, हा भेद येथे स्पष्ट झाला. ‘गुन्हेगार जमात’ हा असाच निवाडा होता. कायद्याने तो गुण म्हणून नोंदविला.

पुढे रेमंड कॅटेलने सोळा घटकांची प्रश्नावली १९४९ साली प्रसिद्ध केली. १९६१ साली ट्युप्स व क्रिस्टल यांना पाच घटक आढळले. बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, भावनिक स्थैर्य आणि नवानुभवाची ओढ अशा नावांनी ते आज ओळखले जातात. १९६८ साली वॉल्टर मिशेलने दाखविले की, एका प्रसंगातील वर्तनावरून दुसऱ्या प्रसंगातील वर्तनाचे भाकीत फार थोडे करता येते. जुळ्यांच्या अभ्यासांत गुणविशेषांतील भेदांचा बराच भाग अनुवंशाशी निगडित आढळला, हेही खरे. परंतु ते माप एका लोकसमूहातील व्यक्तींमधील भेदांचे आहे. त्यावरून कोणत्याही जमातीचा स्वभाव सिद्ध होत नाही. शिवाय वयानुसार गुणविशेष बदलतात, हेही दीर्घकालीन अभ्यासांतून दिसून आले आहे.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी व वितर्क अशी सहा चरिते सांगितली. चालणे, काम करणे, जेवणे यांवरून ती ओळखावीत, असे तेथे म्हटले आहे. ही ओळख कशासाठी? त्या साधकाला अनुरूप ध्यानविषय देता यावा, यासाठी. माणूस बदलू शकतो, हे येथे गृहीतच आहे. स्वभावाचे कोणतेही वर्गीकरण समोर आले, तर ते माणसाला पुढे नेण्यासाठी केले आहे की त्याला जागच्या जागी बांधण्यासाठी, हे आपण आधी विचारावे.